पाप कुणापुढे बोलायचं? कन्फेशनची अठराशे वर्षांची गोष्ट

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि वाचून कंटाळा आला तर हेडफोन लावा.

हिंदी सिनेमातला एक सीन तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. अंधारं चर्च, लाकडी खोकं, मध्ये जाळी. एका बाजूला गुडघे टेकलेला हिरो, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या झग्यातले फादर. हिरो सांगतो, ‘फादर, माझ्या हातून पाप झालंय.’ आणि फादर काही बोलायच्या आत मागून व्हायोलिन सुरू होतं.

या सीनमुळे आपल्याला वाटतं की ख्रिस्ती धर्मात पापाची कबुली ही पहिल्यापासून अशीच आहे. खोकं, जाळी, कुजबुज. पण ते खोकं साधारण साडेचारशे वर्षांपूर्वीचं आहे. त्याआधी दीड हजार वर्षं ख्रिस्ती माणसं पाप कबूल करतच होती, पण खोक्यात नाही. कधी भर सभेत, कधी गोणपाट नेसून चर्चच्या दारात, कधी एखाद्या आयरिश संन्याशासमोर.

म्हणून आजचा प्रश्न आहे : देवाची क्षमा हवी असेल तर पाप कुणापुढे बोलायचं? आणि क्षमा झाली हे ठरवायचं कुणी? प्रश्न धर्माचा वाटतो. पण यापायी चर्च फुटली, सम्राट रडला, बँका फायद्यात आल्या, आणि आपल्या गोव्यात लोक तुरुंगात खितपत पडले.

सुरुवात : ‘मागे वळ’

ख्रिस्ती धर्म ज्यू परंपरेतून आला. हिब्रू भाषेत पश्चात्तापासाठी जो शब्द आहे, तो ‘तेशुवा’. त्याचा मूळ अर्थ परत फिरणं. वाट चुकलास, मागे वळ, घरी ये. ग्रीक नव्या करारात शब्द येतो ‘मेतानोइया’, म्हणजे मन पालटणं. दोन्ही शब्दांत रडण्यापेक्षा दिशा बदलण्यावर भर आहे.

येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट याच धाटणीची. बापाकडून वाटणी घेऊन परदेशी गेलेला, सगळं उडवून डुकरं राखायची वेळ आलेला पोरगा. तो परत निघतो, वाटेत माफीचं भाषण पाठ करतो. पण बाप त्याला लांबूनच बघतो, धावत सुटतो आणि भाषण पुरं व्हायच्या आतच मिठी मारतो. ल्यूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात ही गोष्ट आहे. लक्षात घ्या, यात मध्ये कुणी नाही. बाप आणि मुलगा, बस्स.

पण त्याच नव्या करारात दुसरे धागेही आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा अधिकार देतो. याकोबाच्या पत्रात सांगितलंय की एकमेकांजवळ पापं कबूल करा. म्हणजे तीन वाटा झाल्या. थेट देवाकडे, अधिकार असलेल्या माणसाकडे, आणि एकमेकांकडे. पुढचा सगळा इतिहास या तीन वाटांच्या ओढाताणीचा आहे.

इ.स. २५० : सर्टिफिकेट घेतलेले ख्रिस्ती

पहिली मोठी परीक्षा आली रोमन सम्राट डेशियसच्या काळात. त्याने हुकूम काढला : साम्राज्यातल्या सगळ्यांनी रोमन देवांना बळी अर्पण करायचा आणि अधिकाऱ्यांसमोर तसं करून सर्टिफिकेट घ्यायचं. ही सर्टिफिकेटं इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेली सापडली आहेत, चाळीसहून जास्त. मजकूर जवळपास ठरीव. मी कायम देवांना बळी देत आलो, आज तुमच्यासमोर दिला, प्रसाद चाखला, कृपया सही करावी. खाली नाव, वय, साक्षीदार.

ख्रिस्ती माणसासाठी हा बळी म्हणजे येशूला नाकारणं. काहींनी नकार दिला, ते तुरुंगात गेले, मेले. पण खूप जणांनी बळी दिला. काहींनी आणखी चलाखी केली. बळी न देता लाच देऊन नुसतं सर्टिफिकेट मिळवलं. आजच्या भाषेत ‘सेटिंग’.

डेशियस लढाईत मेला, छळ थांबला. आणि मग हे सगळे चर्चच्या दारात परत आले. आम्हाला आत घ्या.

आता विचार करा. तुमचा भाऊ तुरुंगात मेलाय. आणि शेजारच्याने बळी देऊन जीव वाचवला, तो रविवारी तुमच्या बाजूला येऊन बसणार. चालेल?

रोममध्ये नोव्हाशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, नाही चालणार. देव क्षमा करेल तर करो, चर्चला तो अधिकार नाही. त्याने वेगळं चर्च काढलं आणि ते पुढे काही शतकं टिकलं. दुसऱ्या टोकाला, तुरुंगात छळ सोसलेले काही वीर परत आलेल्यांना शिफारसपत्रं वाटत सुटले. याला माफ करा, आमची हमी.

मध्ये अडकला कार्थेजचा बिशप सिप्रियन. तो स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता, त्यामुळे लोक त्यालाही बोलत होते. इ.स. २५१ मध्ये कार्थेजला बिशपांची सभा बसली. ठरलं असं : दारं कायमची बंद नाहीत, पण सताड उघडीही नाहीत. नुसतं सर्टिफिकेट घेतलेल्यांचा एकेकाचा विचार करून त्यांना आत घ्यायचं. ज्यांनी खरोखर बळी दिला, त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करायचं, क्षमा मरणाच्या दारात. पुढे नव्या छळाची चिन्हं दिसली, तेव्हा हा नियमही सैल केला. कारण लढायला पाठवायचं तर माणसाला आधी घरात घ्यायला हवं. सिप्रियन स्वतः २५८ मध्ये शहीद झाला.

मला या प्रकरणातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इथे पाप खासगी नव्हतंच. ते सगळ्यांनी पाहिलं होतं, त्याची जखम सगळ्यांना होती. म्हणून क्षमाही चारचौघांत मागावी लागली.

गोणपाट, राख आणि एक सम्राट

त्या काळातली पद्धत अशी. खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा मोठ्या पापांसाठी जाहीर प्रायश्चित्त. माणसाने गोणपाट नेसायचं, डोक्यावर राख घ्यायची, चर्चमध्ये वेगळं उभं राहायचं. प्रभुभोजन नाही. सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. काही महिने, काही वर्षं. मग ईस्टरच्या आधी बिशप डोक्यावर हात ठेवून त्याला परत आत घेणार. आणि ही संधी आयुष्यात एकदाच!

या पद्धतीपुढे सम्राटालाही वाकावं लागलं. इ.स. ३९० मध्ये थेसलोनिका शहरात दंगल झाली. लोकांचा लाडका रथ हाकणारा तुरुंगात टाकला म्हणून जमावाने लष्करी अधिकाऱ्याला ठार मारलं. सम्राट थिओडोशियस संतापला आणि त्याच्या सैनिकांनी नागरिकांची कत्तल केली. नंतरच्या एका इतिहासकाराने ७,००० चा आकडा दिलाय.

मिलानचा बिशप अँब्रोझ याने सम्राटाला पत्र लिहिलं. ते पत्र आजही आहे. सूर नम्र, पण मुद्दा रोखठोक. तुम्ही हजर असाल तर मी वेदीवर अर्पण करू शकत नाही. दावीद राजानेही पाप केलं होतं आणि ते कबूल केलं होतं, तुम्ही तसं करा. आणि थिओडोशियसने केलं. राजचिन्हं उतरवून ठेवली, चर्चमध्ये सगळ्यांसमोर रडून क्षमा मागितली.

बिशपने सम्राटाला चर्चच्या दारातच अडवलं, अशी चित्रं तुम्हाला गूगलवर मिळतील. तो नाट्यमय प्रसंग नंतरच्या लेखकांनी रंगवलाय. खरं काम पत्राने केलं.

पण या कडक पद्धतीत एक गोची होती. संधी एकदाच, आणि नंतरही निर्बंध जन्मभर. सैन्यात जायचं नाही, लग्न करायचं नाही, असलेल्या लग्नातही ब्रह्मचर्य. मग लोकांनी काय केलं? पुढे ढकललं! जवानीत पाप, म्हातारपणी प्रायश्चित्त. जो नियम माणसाला सुधारण्यासाठी होता, तो मरणाच्या अंथरुणावरची औपचारिकता झाला. त्या गोणपाट-राखेची आठवण आज राखेच्या बुधवारी उरली आहे. तेव्हा मात्र राख ठराविक पाप्यांना नाही, सगळ्यांच्याच कपाळाला लागते.

आयर्लंडचं रेट कार्ड

तोडगा निघाला युरोपच्या टोकाला, आयर्लंडच्या मठांत. सहाव्या शतकात तिथल्या संन्याशांची पद्धत वेगळी होती. प्रत्येकाला एक ‘अनम् खारा’ असायचा, म्हणजे आत्म्याचा मित्र. त्याच्याजवळ मन मोकळं करायचं. खासगीत, आणि हवं तितक्या वेळा. हळूहळू गावातले साधे लोकही त्यांच्याकडे यायला लागले.

या संन्याशांनी पुस्तिका लिहिल्या. कोणत्या पापाला किती प्रायश्चित्त, याची सरळ यादी. इतके दिवस भाकरी-पाण्यावर उपवास, इतकी स्तोत्रं. आपल्याकडे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत प्रायश्चित्तांच्या याद्या आहेत, त्याची आठवण होते. मराठी ख्रिस्ती लोकांनी ‘प्रायश्चित्त’ हा शब्द तिथूनच उचललाय.

रेट कार्ड म्हणून हसायला येतं, पण त्यात माणुसकी होती. कोलंबानस हा संन्यासी साधारण ५९० मध्ये आयर्लंडहून आजच्या फ्रान्समध्ये गेला. त्याच्या नियमावलीत खुन्यासाठी काय सांगितलंय? वर्षानुवर्षं हद्दपारी, भाकरी-पाणी. आणि परत आल्यावर मेलेल्या माणसाच्या आईवडिलांकडे जायचं आणि मुलाच्या जागी राहून त्यांची सेवा करायची. म्हणजे देवापाशी हिशोब मिटवताना ज्याचं नुकसान झालं त्याच्या घराचा रस्ता चुकवता येत नाही.

जुन्या मंडळींना हे पटलं नाही. ५८९ मध्ये स्पेनमधल्या टोलेडोच्या धर्मसभेने ठराव केला : लोक पुन्हा पुन्हा पाप करतात आणि पुन्हा पुन्हा क्षमा मागतात, हा निंद्य प्रकार बंद करा. बंद झाला नाही. तोच प्रकार पुढे अख्ख्या युरोपचा नियम झाला.

१२१५ : वर्षातून एकदा, सक्तीने

तो नियम केला चौथ्या लॅटरन धर्मसभेने. पोप होते तिसरे इनोसंट. समज आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्री-पुरुषाने वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करायचं. नाही केलं तर चर्चमध्ये प्रवेश नाही, मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही.

त्याच कलमात धर्मगुरूवरही बंधन घातलं. त्याने वैद्यासारखं वागायचं. जखम नीट बघायची, विचारपूस करायची, मग औषध. आणि ऐकलेलं बाहेर फोडायचं नाही. ना शब्दाने, ना खुणेने. फोडलं तर पद जाणार आणि जन्मभर मठात कोंडून प्रायश्चित्त.

ही गुप्तता लोकांच्या मनात किती खोल रुजली, त्याचं उदाहरण प्रागचे संत जॉन नेपोमुक. १३९३ मध्ये राजाने त्यांना नदीत बुडवून मारलं. लोककथा सांगते की राणीने पापनिवेदनात काय सांगितलं ते त्यांनी राजाला सांगितलं नाही म्हणून. इतिहासकारांच्या मते खरं भांडण एका मठाधिपतीच्या नेमणुकीवरून होतं. पण लोकांना कोणती गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटली, ते बघा!

क्षमा विकायला काढली

आता पैशाकडे येऊ. मध्ययुगीन चर्चची शिकवण अशी होती : पापनिवेदनाने दोष माफ होतो, पण पापाची शिक्षा काही प्रमाणात शिल्लक राहते. ती इथे भोगा, नाहीतर मेल्यावर शुद्धिस्थानात. ही उरलेली शिक्षा चर्च कमी करू शकतं. त्याचं नाव इंडल्जन्स, आपण माफीपत्र म्हणू. सुरुवातीला ते क्रूसेडच्या लढवय्यांना, यात्रेकरूंना मिळायचं. पुढे दान दिल्यावरही मिळायला लागलं. आणि दान कुठे संपतं आणि विक्री कुठे सुरू होते, ती रेघ पुसट झाली.

गूटेनबर्गच्या छापखान्यातून बायबलच्या सुमारासच, १४५४-५५ मध्ये, माफीपत्रांचे छापील फॉर्म निघाले. नाव आणि तारखेची जागा कोरी. पैसे द्या, नाव भरा.

१५१७ मध्ये जर्मनीत योहान टेट्झल हा उपदेशक माफीपत्रं खपवत फिरत होता. पैसा रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी, असं सांगितलं जायचं. पण निम्मा पैसा फुगर या सावकार घराण्याकडे जात होता. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने पद मिळवण्यासाठी त्यांच्याकडून कर्ज घेतलं होतं, त्याची ती वसुली!

विटेनबर्गमध्ये ही विक्री बंद होती, म्हणून तिथले लोक हद्द ओलांडून माफीपत्र आणायचे आणि आपल्या धर्मगुरूला दाखवायचे. आता आम्हाला सुधारायची गरज नाही. तो धर्मगुरू होता मार्टिन लूथर.

लूथर स्वतः पापनिवेदनाने पछाडलेला माणूस होता. मठात असताना तो आपला गुरू श्टाउपिट्झ याच्यासमोर तासन्‌तास बारीकसारीक पापं आठवून सांगायचा. उठून गेला की अजून एक आठवायचं, परत यायचा. गुरू वैतागायचा. त्याला सतावणारा प्रश्न साधा होता : एक जरी पाप सांगायचं राहिलं तर?

३१ ऑक्टोबर १५१७ च्या त्याच्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा पश्चात्तापाचा आहे. त्याचा आशय असा की पश्चात्ताप हा एकदा उरकायचा विधी नाही, ख्रिस्ती माणसाचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. शाळेच्या पुस्तकात आपण ‘धर्मसुधारणा चळवळ’ हे नाव पाठ करतो. तिची ठिणगी पडली ती या प्रश्नावर, की माफी मिळते कशी.

आणखी एक : लूथरने पापनिवेदन बंद केलं, असं बरेच जण समजतात. तसं नाही. ते मनाला दिलासा देतं म्हणून त्याने ते ठेवलं. सगळी पापं मोजून सांगायची सक्ती तेवढी काढली. पुढे बऱ्याच प्रॉटेस्टंट चर्चांत उपासनेत सगळ्यांनी मिळून पापकबुली म्हणायची पद्धत रुळली. आजही मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये रविवारी ती ऐकू येते.

खोकं का आलं?

कॅथलिक चर्चने १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत उत्तर दिलं. पापनिवेदन हा संस्कार आहे, धर्मगुरूपुढेच करायचा, गंभीर पापं एकेक करून सांगायची. पण आतल्या भानगडी त्यांनाही माहीत होत्या. तोवर पापनिवेदन समोरासमोर व्हायचं. काही धर्मगुरू त्या एकांताचा गैरफायदा घेऊन बायकांना त्रास देत. १५६१ मध्ये पोपने स्पेनमधली अशी प्रकरणं इन्क्विझिशनकडे सोपवली, १६२२ मध्ये नियम सगळीकडे लागू केला.

मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी सुताराच्या हातून उपाय केला. मध्ये फळी, फळीला जाळी, आणि खोकं चर्चच्या उघड्या जागी, सगळ्यांना दिसेल असं. १५७७ च्या त्यांच्या बांधकामविषयक पुस्तकात त्याचं वर्णन आहे. म्हणजे सिनेमातलं ते गूढ खोकं मुळात गूढ वाढवायला आलेलं नाही. ऐकू कुणाला येऊ नये, पण दिसावं सगळ्यांना, ही त्यामागची सोय. बाईच्या सुरक्षेसाठी केलेलं फर्निचर, म्हणा ना.

गोवा : एक ‘कुमसार’, एक इन्क्विझिशन

याच काळात हे सगळं आपल्या किनाऱ्यावर पोचलं. गोव्याच्या कोकणीत पापनिवेदनाला ‘कुमसार’ म्हणतात, हा शब्द पोर्तुगीजांच्या काळात रुजला. वसईकडच्या मराठी कॅथलिकांत ‘पापनिवेदन’, ‘समेट’ हे शब्द चालतात.

मिशनऱ्यांना इथली भाषा शिकावी लागली, त्यामागे पापनिवेदन हे एक मोठं कारण होतं. प्रवचन दुभाष्यामार्फत चालतं. पण तुमचं पाप दुभाष्यामार्फत कसं सांगणार? तिसरा माणूस आला की गुपित कुठलं? १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्लिश जेझुइट थॉमस स्टीफन्स इथल्या बोलीत इतके मुरले की त्यांनी मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये राशोल इथे छापलं गेलं.

पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनही होतं. मधली काही वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. तिथेही ‘कबूल कर’ हाच शब्द. फरक जमीन-अस्मानाचा.

शार्ल देलों हा फ्रेंच डॉक्टर. त्याला १६७३ मध्ये दमणला पकडलं, मग गोव्याच्या तुरुंगात डांबलं. त्याने नंतर पुस्तक लिहिलं, १६८७ मध्ये आलं. आरोप काय ते सांगत नाहीत, आरोप करणारा कोण ते सांगत नाहीत. फक्त विचारत राहतात, आठव, तूच सांग, तूच कबूल कर. त्या एकांतात त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला. जानेवारी १६७६ मध्ये जाहीर मिरवणुकीनंतर त्याला शिक्षा सुनावली.

शेजारी शेजारी ठेवून बघा. कुमसारात माणूस स्वतःहून येतो, बोललेलं लिहिलं जात नाही, बाहेर जात नाही. इन्क्विझिशनमध्ये माणूस ओढून आणलेला, शब्दन्‌शब्द लिहून ठेवलेला, आणि शेवट चौकात. एकच धर्म, एकच शहर, एकच शब्द. एकीकडे कबुली म्हणजे हलकं होणं, दुसरीकडे कबुली म्हणजे पुरावा. क्षमा आणि सत्ता एकाच खुर्चीत बसल्या की काय होतं, ते गोव्याने बघितलंय.

केडगाव, १९०५

आता पुणे जिल्ह्यात या. केडगावचं मुक्ती मिशन, पंडिता रमाबाईंचं. दुष्काळात वाचवलेल्या मुली, विधवा, टाकून दिलेल्या बायका तिथे राहत होत्या. १९०० च्या सुमारास ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली होती.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण धर्माधिकाऱ्यांपुढे मान तुकवणं त्यांना कधी जमलं नाही. एका पुरोहितशाहीतून आत्ताच कुठे सुटलेय, दुसरीचं जोखड मानेवर कशाला घेऊ, अशा अर्थाचं त्यांनी तिकडच्या सिस्टरांना लिहिलं होतं.

१९०५ च्या सुरुवातीला वेल्समधल्या धार्मिक जागृतीच्या बातम्या ऐकून त्यांनी प्रार्थनेचा गट सुरू केला. आधी सत्तरेक जणी, मग साडेपाचशे. ३० जूनच्या संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांत आवाजात योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावत होत्या. व्यभिचारात पकडलेल्या बाईची गोष्ट ज्यात आहे, तोच अध्याय. त्या वेळच्या वृत्तांतानुसार मुली एकाएकी रडत मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आपली पापं बोलू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढे कितीतरी दिवस हे चाललं, वर्ग बाजूला ठेवावे लागले.

याकडे कसं बघायचं? श्रद्धावान म्हणतील पवित्र आत्म्याचं काम. मानसशास्त्रवाले म्हणतील सामूहिक भावनावेग. मी इतिहासाच्या बाजूने एवढंच म्हणेन : तोवर ख्रिस्ती जगात बहुतेक ठिकाणी बाई बोलायची आणि पुरुष ऐकून निवाडा द्यायचा. केडगावात बाया बोलत होत्या आणि बायाच ऐकत होत्या. खोकं नाही, जाळी नाही, यादी नाही. एकमेकांजवळ कबूल करा ही याकोबाच्या पत्रातली जुनी वाट, तिच्यावर गवत उगवलं होतं. ती वाट दुष्काळातून आलेल्या पोरींनी पुन्हा मळवली.

आणि एक बोचरा प्रश्नही. या मुलींच्या बाबतीत जगाने केलेली पापं केवढी होती! बालविवाह, उपासमार, टाकून देणं. त्या रडून स्वतःची पापं सांगत होत्या. ज्यांनी त्यांना टाकलं, ते कुठे कबूल करत होते?

आज

हा विषय संपलेला नाही. २०१८ मध्ये केरळात एका महिलेच्या पापनिवेदनाचा वापर करून धर्मगुरूंनी तिला ब्लॅकमेल केल्याचा आरोप झाला. राष्ट्रीय महिला आयोगाने तर पापनिवेदनाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. चर्चकडून कडाडून विरोध झाला : काही जणांनी विश्वासघात केल्याचा आरोप आहे म्हणून लाखोंचा आधार काढून घेणार का? ऑस्ट्रेलियात मुलांच्या लैंगिक शोषणाची चौकशी झाल्यावर व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँड राज्यांनी कायदा केला की पापनिवेदनात असं काही कळलं तरी धर्मगुरूने ते पोलिसांना कळवायचं. चर्च म्हणतं, गुप्तता मोडली तर कुणी बोलणारच नाही. पीडित म्हणतात, त्या गुप्ततेची किंमत आम्ही मोजली.

माझं मत विचाराल तर सांगतो. हा इतिहास वाचताना मला दिसतं की क्षमेचा विचार बिघडला तो दरवेळी एकाच कारणाने. ज्याचं नुकसान झालं, तो माणूस चित्रातून गायब झाला. माफीपत्रात पाप्याचं नाव होतं, पीडिताचं नव्हतं. उलट जिथे तो माणूस समोर राहिला, तिथे क्षमेला वजन आलं. कोलंबानसचा खुनी मेलेल्याच्या आईबापांच्या दारात जात होता. नव्या करारातला जकातदार जक्कय आठवा. येशू स्वतःहून त्याच्या घरी उतरला आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन, असं तो म्हणाला.

देव क्षमा करतो की नाही, हे इतिहासाला सिद्ध करता येत नाही. तो श्रद्धेचा प्रांत. पण माणसाला कुणापुढे तरी बोलावं लागतं आणि ऐकणाऱ्याच्या हातात त्यामुळे मोठी ताकद येते, एवढं अठराशे वर्षांनी नक्की दाखवलंय. ती ताकद कुणाकडे द्यायची आणि तिच्यावर लक्ष कुणी ठेवायचं, यावरचं भांडण अजून चालू आहे.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरी, तुमच्या गावात चूक कबूल करायची काय पद्धत आहे, कोणत्याही धर्मातली, ते व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!